जोग्जातली घासाघीस

घासाघीस हा दोघांनी मिळून खेळायचा खेळ आहे. एकाने चढा भाव सांगायचा, दुसऱ्याने 'लुटता काय?' म्हणायचं. मग पहिल्याने 'खरेदीलाच परवडत नाही हो' म्हणून कपाळाला हात लावायचा आणि दुसऱ्याने पिशवी उचलून चार पावलं चालून मागून हाक येण्याची वाट पाहायची. तुळशीबागेत पिढ्यान्‌पिढ्या कमावलेल्या या विद्येची जावा बेटावरच्या योग्यकार्ता शहरात मात्र फजिती होते. चार पावलं झाली, आठ झाली, तरी हाक येत नाही. विक्रेती बाई हसून, किंचित झुकून 'मोंग्गो' म्हणते, म्हणजे 'या बरं का', आणि शेजारणीशी अर्ध्यावर राहिलेल्या गप्पा पुढे सुरू करते. भांडायला समोर कोणी नाही म्हटल्यावर पर्यटकाचा अर्धा उत्साह तिथेच मावळतो. उरलेल्या अर्ध्यात तो मूळ भावाला वस्तू घेऊन बसतो.

या शहराला तिथले लोक लाडाने जोग्जा म्हणतात. 1755 च्या ग्यांतीच्या तहाने मातारामचं राज्य दुभंगलं, एक गादी इथे आली आणि दुसरी साठेक किलोमीटरवरच्या सोलोला राहिली. सातारा आणि कोल्हापूर माहीत असलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. नवल पुढे आहे: इथला सुलतान अजून गादीवर आहे आणि प्रांताचा राज्यपालही तोच आहे. ना प्रचार, ना मतदान, ना फ्लेक्स.

उत्तरेला तुगू नावाचा मनोरा, मध्ये सुलतानाचा क्राटोन, म्हणजे राजवाडा, आणि दक्षिणेला क्राप्याकची जुनी वास्तू अशी एक सरळ रेषा शहर वसवताना आखली गेली. माणसाचा जन्मापासून मृत्यूपर्यंतचा प्रवास ती दाखवते असं मानतात. 2023 मध्ये युनेस्कोने ही रेषा जागतिक वारशात घेतली. आता गंमत अशी, की मालिओबोरो हा खरेदीचा मुख्य रस्ता नेमका या रेषेवर आहे. त्यामुळे चपला, चाव्यांच्या साखळ्या आणि टी-शर्ट घेत हिंडणाऱ्या काकू जन्ममृत्यूच्या प्रवासातच असतात आणि काकांना 'वेळ वाया घालवलास' म्हणायची सोय उरत नाही. पदपथावरचे विक्रेते 2022 मध्ये बाजूच्या 'तेरास मालिओबोरो'त हलवले गेले, म्हणून हल्ली तिथे बोळ जास्त आणि चुकामूक त्याहून जास्त.

फिरायला बेचाक असतो. ही सायकलरिक्षाच, पण चालवणारा मागे आणि बसणारे पुढे. समोरून येणारी बस आधी प्रवाशाला दिसते. भाडं इतकं कमी सांगतात की काका घासाघीस विसरतात, आणि खरी मेख तिथेच असते. रिक्षा राजवाड्याकडे निघते ती वाटेत एका बाटिकच्या दुकानाशी थांबते, मग मिठाईच्या दुकानाशी. रस्त्यात एखादा सज्जन गृहस्थ कानात सांगतो, की विद्यार्थ्यांच्या बाटिक चित्रांचं प्रदर्शन आज संध्याकाळी बंद होतंय. प्रवासाच्या पुस्तकांत याबद्दल वर्षानुवर्षं इशारे छापून येतात आणि प्रदर्शनाचा शेवटचा दिवसही वर्षानुवर्षं आजच असतो.

बाटिक घ्यायचं तर बेरिंगहार्जो बाजारात. तांब्याच्या चंचूच्या चांतिंगने हाताने मेण ओतून काढलेलं ते 'तुलिस', तांब्याच्या ठशाने मेण उमटवलेलं ते 'चाप', आणि मेणाचा थेंबही न पाहिलेलं छापील कापड ते उरलेलं सगळं. तुलिसच्या एका कापडाला महिनेही लागतात आणि किंमत त्या महिन्यांची असते. इथे काकूंची एक विद्या मात्र परदेशातही चालली. खऱ्या पैठणीचा पदर दोन्हीकडून सारखा दिसतो हे माहीत असल्याने त्यांनी गठ्ठ्यातलं पहिलंच कापड उलटून पाहिलं. मागची बाजू फिकट म्हणजे छापील, रंग आरपार म्हणजे मेणाचं. विक्रेतीने तेव्हा प्रथमच गप्पा थांबवल्या आणि मांडणीखालचा दुसरा गठ्ठा वर काढला.

काकांनी मात्र छापील शर्टच घेतला. तिरक्या, लाटांसारख्या रेघांचा तो नमुना त्यांना भारदस्त वाटला. तो होताच भारदस्त: ते 'परांग', एके काळी राजा आणि राजघराण्याचंच वस्त्र. राजवाड्याच्या आत हा संकेत अजून मानतात. 2022 च्या डिसेंबरात इंडोनेशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांच्या धाकट्या मुलाच्या लग्नाचा समारंभ सोलोच्या मांगकुनेगारान राजवाड्यात झाला, तेव्हा पाहुण्यांना परांग घालून येऊ नका असं आधीच कळवलं होतं. थोडक्यात, राष्ट्राध्यक्षांच्या व्याह्यांनाही जे चालत नव्हतं ते काका रात्री हॉटेलात घालून झोपले.

शहराबाहेरच्या प्रंबानानच्या देवळांत शिवमंदिराचं सत्तेचाळीस मीटर उंच शिखर पाहताना कोणी खरेदीचं नाव काढत नाही. बाहेर पडण्याची वाट मात्र दुकानांतूनच जाते, तेव्हा तो संयम फार वेळ टिकत नाही.

राजवाड्याच्या दक्षिणेच्या मैदानात दोन वड आहेत. संध्याकाळी डोळ्यांवर पट्टी बांधून त्या दोघांच्या मधून सरळ गेलं की मनातली इच्छा पुरी होते, पण मन निर्मळ हवं. पट्टी भाड्याने मिळते. काका ठाम पावलं टाकत निघाले आणि भाजलेल्या कणसांच्या गाडीपाशी पोचले. तिसऱ्यांदाही तिथेच पोचल्यावर, मनातली इच्छा कोणती होती हे काकूंनी विचारलं नाही.

परतीची भेट म्हणजे बाक्पिया: मुगाच्या गोड सारणाची छोटी, चपटी, खुसखुशीत वडी. मूळ चिनी, आता पक्की जोग्जाची. पाथुक वस्तीत ती घरोघरी होई आणि ओळख घराच्या क्रमांकाने पटे, म्हणून छाप अजूनही 25, 75 असे. 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी शोधण्याची सवय असलेल्या काकांना 25 क्रमांकाच्याच चार दुकानांनी फार गोंधळात टाकलं. शिवाय ताज्या बाक्पिया काही दिवसच टिकतात, त्यामुळे सोसायटीसाठी घेतलेले निम्मे खोके विमानतळावरच संपले.

शेवटच्या सकाळी वायांगच्या, म्हणजे छायानाट्याच्या, बाहुल्या घ्यायच्या राहिल्या होत्या. म्हशीच्या कातड्यावर छिन्नीने कोरलेल्या, शिंगाच्या दांड्यांच्या. दुकान नुकतंच उघडलं होतं. काकूंनी द्रौपदी मागितली. दुकानदाराने ती काढली आणि सोबत पुंतादेवा, म्हणजे धर्मराज, ठेवला. बाकीचे चौघे? ते वेगळे, तो नम्रपणे म्हणाला, जावात द्रौपदीचा नवरा एकटा पुंतादेवाच. अर्जुनाजवळ त्याने एक देखणी धनुर्धारी स्त्री ठेवली: श्रीकांडी, अर्जुनाची बायको. हा शिखंडी आहे हे कळल्यावर काकांना मोठ्या वादाची आशा वाटली, पण समोरचा प्रत्येक वाक्यावर हसून मान डोलवत होता. अखेर मूळ महाभारताची बाजू राखण्यासाठी काकूंनी फर्मावलं, द्रौपदीबरोबर पाचही द्या. काका घासाघीस सुरू करणार, तोच दुकानदाराने आपणहून भाव उतरवला. दिवसाची पहिली विक्री, तिथे 'पेंगलारिस', आपली भवानी! नोटा घेऊन त्याने त्या दुकानात उरलेल्या मालावर टपटप आपटल्या, आणि सगळे कौरव विक्रीला तयार झाले.