‘स्कॉलरशिप’ कशी वापरावी : नवशिक्यांसाठी

आधी शब्दकोश मिटून ठेवा. त्यात विद्वत्ता आणि शिष्यवृत्ती असे दोनच अर्थ सापडतील आणि मराठी घरात तेवढ्याने भागत नाही. इथे या शब्दाचा अर्थ त्याच्या क्रियापदावर ठरतो.

पहिलं क्रियापद ‘बसणे’. ‘आमचा ओंकार यंदा स्कॉलरशिपला बसलाय,’ असं शेजारच्या काकूंनी जिन्यात सांगितलं, तर ‘किती मिळतात?’ असं विचारू नये. ही परीक्षा आहे. पिढ्यान्‌पिढ्या ती चौथी-सातवीला असायची, २०१६-१७पासून काही वर्षं पाचवी-आठवीला होती. पेपर दोन, गुण ३००, उत्तरं म्हणजे काळे करायचे गोल. बसतो ओंकार, पण बसवते आई. म्हणून ‘बसवलाय’ हेच रूप अचूक. बुद्धिमत्ता चाचणीतली आरशातली प्रतिमा पटेना म्हणून रात्री अकराला काका दाढीचा आरसा पुस्तकाला टेकवून बसलेले दिसले, तर आवाज न करता पुढे जावं.

दुसरं ‘मिळणे’. इथे पैसे येतात आणि व्याकरणही गमतीचं होतं. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आलेल्या चिंतामणराव देशमुखांना ‘जगन्नाथ शंकरशेट मिळाली’. खुद्द नाना शंकरशेट स्त्रीलिंगी! याला कुणी हसत नाही, तुम्हीही हसू नका.

मिळण्याच्या मागे अटी असतात. १९१३मध्ये आंबेडकरांना सयाजीरावांनी कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंड दिले, ते पुढे दहा वर्षं बडोद्याची नोकरी करण्याच्या करारावर. त्याआधी १९०६ साली सावरकर श्यामजी कृष्णवर्म्यांमार्फत मिळालेल्या शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. तिची अट नेमकी उलटी, इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही. तेव्हा रक्कम मागाहून, अटी आधी वाचा.

तिसरं ‘अडकणे’. सध्या सगळ्यात जास्त चालतं ते हेच. ‘महाडीबीटीला अडकलीय,’ म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर. नेमकी कुठे, हे विचारण्यात अर्थ नाही. कॉलेज म्हणतं बँकेत, बँक म्हणते आधार लिंक नाही.

‘स्कॉलर’पासून मात्र जपून. ‘आले मोठे स्कॉलर!’ ही शिवी आहे.

आता राहिली विद्वत्ता. पां. वा. काणे यांनी वकिली सांभाळून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला; पहिला खंड १९३०चा, शेवटचा १९६२चा, पानं साडेसहा हजारांच्या वर. इंग्रजीत ती स्कॉलरशिपच. पण तिला बसता येत नाही, ती मिळत नाही, अडकतही नाही, त्यामुळे मराठीत तिची पंचाईत होते. ‘काण्यांची स्कॉलरशिप मोठी होती’ म्हणालात, तर समोरचा विचारणार, ‘महिना किती?’ तिथे सरळ ‘व्यासंग’ म्हणा.

शेवटी लेखनाचं. ‘शिष्यवृत्ती’त ‘शि’ ऱ्हस्व, ‘त्ती’ दीर्घ. फॉर्मवर स्वतःचं नाव मात्र आधार कार्डावर जसं चुकलंय तसंच लिहा.