पिल्लांचा मामा

बारामती एमआयडीसीत नोकरी लावून देणारा माणूस वेगळा, भाड्याची खोली बघून देणारा वेगळा आणि जुनी दुचाकी मिळवून देणारा आणखी वेगळा. कुत्र्याचं पिल्लू मिळवून देणारा मात्र एकच असतो, आणि तो सहसा ते देत नाही.

असा एकेक मामा भोसरीतही असेल, चाकणलाही असेल. पण तिथल्या मामांना आमच्या मामाएवढा व्याप नाही. कारण तिथं मेंढपाळी जातीची कुत्री आली तरी आजूबाजूला मेंढरं नसतात. इथं काटफळ-गोजुबावीच्या रिकाम्या प्लॉटवर पावसाळ्यात अजून खरीखुरी मेंढरं चरतात. त्यामुळे कुत्रं कामाचं की दिखाव्याचं, याचा निकाल इथं तारेच्या कुंपणाशीच लागतो.

मामा म्हणजे पन्नाशी ओलांडलेला, मेंटेनन्समधला फिटर. खिशात टेस्टर, त्याच खिशात जंताच्या गोळ्यांची पट्टी. दोन्हींतलं काय कधी बाहेर निघेल ते सांगता येत नाही. पिल्लांचा धंदा तो करत नाही, एक रुपया घेत नाही, आणि म्हणूनच लोकांना त्याचा धाक वाटतो. पैसे घेणाऱ्याला घासाघीस करून वळवता येतं. फुकट देणाऱ्याचं काय करणार?

त्याच्याकडे पिल्लं येतात दोन वाटांनी. पहिली वाट बोनसची. दिवाळीचा बोनस हातात पडला की कुणातरी तरुण इंजिनिअरला मोबाइलवर बॉर्डर कॉली दिसतं. स्कॉटलंडच्या हिरव्या टेकडीवर शीळ वाजते आणि हे कुत्रं शंभर मेंढ्यांना ओळीत लावतं. इंजिनिअरला वाटतं, आपल्यालाही असं कुणीतरी ऐकणारं हवं. तो पुण्याहून पिल्लू आणतो. सहा महिन्यांत पिल्लू मोठं होतं, सातव्या महिन्यात साहेबांची बदली साणंदला होते आणि कुत्रं मामाच्या दारात बांधलेलं सापडतं. सोबत अर्धी पिशवी खाद्य आणि एक चिठ्ठी : ‘खूप प्रेमळ आहे.’ मामा म्हणतो, “प्रेमळ आहे ते दिसतंय. कुत्र्याबद्दल काय लिहिलंय?”

दुसरी वाट प्रेमविवाहाची. एखाद्या गोडाऊनच्या राखणीला जर्मन शेफर्ड मादी असते. आषाढात शेजारच्या प्लॉटवर धनगरांचा वाडा उतरतो, वाड्याबरोबर त्यांचं काळं-करडं कुत्रं येतं. गोडाऊनवाल्यानं मादीचे कागद, वंशावळ, नोंदणी सगळं फाईलला लावलेलं असतं. ते फाईललाच राहतं. त्रेसष्ट दिवसांचा हिशेब पुरा झाला की भाद्रपदात सात पिल्लं होतात. कान उभे राहावेत की पडावेत याबद्दल त्यांचं स्वतःचंच एकमत नसतं. गोडाऊनवाला कपाळाला हात लावून मामाला फोन करतो.

मग सुरू होतो चौकशीचा हंगाम. मामाकडे दोन पानी छापील पत्रक आहे. दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायचं नाही, हा त्याचा पहिला नियम. तो 2017 च्या सरकारी नियमांत विक्रीसाठी आहेच, पण मामा तो सरकारच्या आधीपासून पाळतो असं त्याचं म्हणणं आहे. त्या दोन महिन्यांत तो स्थळं बघून घेतो. पत्रकात उत्पन्नाचा रकाना नाही. ‘रात्री घरात कोण जागं असतं?’ असा प्रश्न आहे. ‘पाहुण्यांच्या टाचेला दात लागले तर चालेल का?’ असा आहे. आणि सगळ्यात शेवटी, भल्याभल्यांना आडवा करणारा : ‘मागचं कुत्रं कुठं गेलं?’

“गावाकडं सोडलं,” लोक म्हणतात.

“कुठलं गाव? कुणाकडं? नाव सांगा, रविवारी जाऊन बघून येतो.”

इथं निम्मी स्थळं गळतात.

उरलेल्या निम्म्यांची भेट मामा स्वतः घेतो. भिगवण रस्त्याच्या एका बंगल्यात मी त्याच्यासोबत गेलो होतो. मालक बागायतदार, फाटकावर दोन सिमेंटचे सिंह, दिवाणखान्यात कारखान्याच्या चेअरमनसोबत काढलेले फोटो. “कुत्रं भारदस्त पाहिजे,” मालक म्हणाले, “फाटकाशी उभं राहिलं की माणूस मागं सरला पाहिजे.” मामानं चहा घेतला, बंगल्याला फेरी मारली, आणि एकच विचारलं, “साखळी किती फुटांची?” मालकांनी अभिमानानं दाखवली. चांगली जाड होती, लांबी चार फूट. मामा उठला. बाहेर आल्यावर म्हणाला, “त्याला फाटकाशी उभं राहणारं पाहिजे ना? तिसरा सिंह करून घ्यावा.”

मामाचा सिद्धांत थोडक्यात असा : ही जात बसून खाणारी नाही. जर्मन शेफर्ड ही जात 1899 मध्ये माक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या घोडदळाच्या अधिकाऱ्यानं उभी केली, ती जर्मनीतली मेंढरांमागची कुत्री निवडून. बॉर्डर कॉलीच्या वंशावळीत मानाचं पान ओल्ड हेम्प नावाच्या कुत्र्याचं. 1893 चा जन्म, इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरचा, अंगात गुण असा की न भुंकता, न चावता नुसत्या नजरेनं मेंढरं हलवायचा. सव्वाशे वर्षं ज्यांच्या पूर्वजांना रोज दहा-वीस किलोमीटर पळण्याचा पगार मिळाला, त्यांच्या पोराला आपण वन बीएचकेमध्ये सोफ्यावर बसवतो आणि वर ‘हायपर आहे’ म्हणतो. अमेरिकेतल्या चेसर नावाच्या कॉलीला तर हजाराहून जास्त खेळण्यांची नावं ओळखता यायची. हे मी मामाला सांगितलं तेव्हा त्यानं सुस्कारा टाकला. “आमच्या शिफ्ट इनचार्जला पान्यांचे नंबर पाठ होईनात.”

काम दिलं नाही तर ही कुत्री स्वतः काम शोधतात, यात गंमत आहे. एका सोसायटीत दिलेल्या कॉलीनं गणपतीच्या आरतीला जमलेली पोरं हळूहळू लिफ्टच्या कोपऱ्यात गोळा केली आणि आरती संपेपर्यंत एकाला हलू दिलं नाही. आया खूष, पोरं रडवेली. दुसरं एका कारखान्याच्या गेटवर राहिलं. तिथं सेकंड शिफ्ट सुटली की माणसं बाहेर पडायची आणि हा गडी त्यांना वळसा घालून, टाचांशी नाक लावून पुन्हा आत वळवायचा. कामगारांनी तक्रार केली. एचआरच्या साहेबांनी मात्र मामाला बोलावून, दार लावून, असं आणखी एक मिळेल का विचारलं.

स्थळ जमायचं तर मामाच्या डोक्यात गावचा सगळा नकाशा असतो. बागायती पट्ट्यात पाणी आहे, सावली आहे, पण ऊस आहे, आणि उसात गेलेलं पिल्लू आणि दिलेली उधारी दोन्ही लवकर परत येत नाहीत. शिर्सुफळ, सुपे, इंदापुराकडं कडबनवाडी अशा जिरायती माळांवर पळायला जागा आहे, पण तिथं लांडगा आहे. वनखात्यानं कडबनवाडी-शिर्सुफळला माळरानाची सफारी सुरू केलीय, पुण्याचे लोक पैसे भरून लांडगा बघायला येतात. मामाची पिल्लं तो लांडगा फुकटात बघतील, ही त्याची काळजी. उन्हाळ्याचं तर वेगळंच प्रकरण. चाळीस अंशांत दुहेरी केसांचं कुत्रं डांबरी रस्त्यावर फिरवणाऱ्या माणसाला मामा थांबवतो आणि म्हणतो, “चप्पल काढा आणि चला बरं.” एकानं उकडतं म्हणून शेफर्डचा गोटा केला होता. ते केस ऊनही अडवतात, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. मामानं त्याला पुढचं पिल्लू ‘तुमचं डोकं आधी’ या अटीवर देऊ केलं.

कारखान्याप्रमाणेही सावधगिरी बदलते. बारामतीत फेरेरोचा चॉकलेटचा कारखाना आहे. तिथल्या माणसाच्या घरी पिल्लू जायचं झालं तर मामा त्या घरातल्या लहान मुलांना समोर बसवून शपथ घ्यायला लावतो, कारण चॉकलेट कुत्र्याला विष. डेअरीतला माणूस असेल तर दुसरं भाषण : गाईचं दूध वाटीभर पाजलं म्हणजे माया झाली असं नाही, रात्रभर फरशी पुसायची तयारी ठेवा. आणि जनावरंवाला असेल तर सगळ्यात गंभीर. गोचीड दिसला की गोठ्यातलं आयव्हरमेक्टिन कुत्र्यालाही टोचायचं, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. कॉलीच्या वंशात काहींत असा जन्मजात दोष असतो की ते औषध थेट मेंदूला भिडतं. म्हशीचा डोस अशा कॉलीला जीवघेणा. हे सांगताना मामा विनोद करत नाही. आवाजसुद्धा खाली आणतो.

या सगळ्या चाळणीतून कोण उरतं? मला वाटलं होतं, फार्महाऊसवाले. तर नाही. मामानं कॉलीची एक गुणी पोर दिली ती सूर्यनगरीतल्या एका फ्लॅटमध्ये. नवराबायको दोघंही कारखान्यात, दोघांच्याही शिफ्ट फिरत्या. मी म्हटलं, मामा, ही काय निवड? त्यानं पत्रकाच्या पाठीमागं काढलेला तक्ता दाखवला. नवरा फर्स्टला तेव्हा बायको सेकंडला, बायको नाईटला तेव्हा नवरा जनरलला. दोघांची आपसात भेट आठवड्यातून एकदा, पण कुत्र्याला दिवसाच्या चोवीस तासांपैकी जवळजवळ कायम कुणीतरी जागं. पहाटे साडेपाचला एक फेरी, रात्री बाराला दुसरी, दोन्ही गारव्यात. “आणि शिवाय,” मामा म्हणाला, “निरोप सांगायला दोघांना कुणीतरी लागतंच की.” पुढं कळलं, घराची किल्ली कुत्र्याच्या पट्ट्यातच असते.

याउलट, ज्यानं ‘माझ्याकडं शंभर शेळ्या आहेत’ असं छातीठोक सांगितलं त्याला नकार मिळाला. त्याचा बंदिस्त शेळीपालनाचा प्रकल्प होता. शेळ्या मचाणावर, चारा गव्हाणीत, कुणी कुठं जायचं नाही. “तिथं कुत्रं वळणार काय? सीसीटीव्ही बघत बसणार?”

मार्च 2024 मध्ये केंद्रानं तेवीस जातींवर बंदी घालणारं पत्रक काढलं तेव्हा मामाचा फोन बंद पडायची वेळ आली. त्या यादीत मध्य आशियाई, कॉकेशियन, दक्षिण रशियन असे शेफर्ड होते. जर्मन नव्हता. पण शेफर्ड हा शब्द वाचूनच दोन बंगलेवाले रातोरात कुत्रं घेऊन हजर. कर्नाटक उच्च न्यायालयानं महिनाभरात ते पत्रक रद्द केलं आणि दोघंही कुत्रं परत मागायला आले. मामानं त्यांना नव्यानं पत्रक भरायला लावलं. शेवटच्या प्रश्नाला, ‘मागचं कुत्रं कुठं गेलं?’, दोघांनीही प्रामाणिकपणे लिहिलं : ‘तुमच्याकडं.’ नापास.

मामाचं एक जुनं स्वप्न होतं, कॉलीला खऱ्या मेंढरांत पाठवायचं. कुणीतरी सुचवलं, पालखीच्या वेळी काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण असतं, तिथं न्या. मामा भडकला. पालखीभोवती ती मेंढरं एकामागं एक पळतात, त्यात कुत्र्याचं काय काम? पण विषय डोक्यात राहिला. दिवाळीच्या तोंडावर वाडा कोकणात निघायच्या तयारीत होता, तेव्हा तो एक कॉली आणि भाद्रपदातली पिल्लं घेऊन थेट वाघुरीपाशी, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीपाशी गेला. मीही गेलो.

वाड्यावरच्या म्हातारबाबांनी कॉलीकडं एकदा बघितलं. कॉलीनं मेंढरांकडं बघितलं आणि पोट जमिनीला टेकवून सरकायला लागली. चारशे मेंढरं एका अंगाला दबली.

“धरा तिला!” बाबा ओरडले. “गाभण हायत माझी. बुजली की टाकत्यात.”

“बाबा, ही मेंढरं वळती,” मामा म्हणाला. “जगात एक नंबर.”

“वळायला हाक हाय की आमची.” बाबांनी जिभेनं टाळूवर एक आवाज काढला. दबलेली मेंढरं सुटी झाली, पुन्हा चरायला लागली. “कुत्रं लागतं रातीला. दिवसा निजावं, राती लांडग्यावर जागावं. ही बया तर दिवसाच एवढी धावती, राती काय करंल?”

मामा गप्प. तेवढ्यात बाबांचं लक्ष टोपलीतल्या पिल्लांकडं गेलं आणि चौकशीचा रोख फिरला. बाबांनी एकेक पिल्लू मानेला धरून उचललं. किंकाळलं ते बाजूला. दात बघितले, पंजा दाबला, टाळी वाजवून कोण दचकतंय ते पाहिलं. “आई कुणाची?” गोडाऊनची. “बाप आमचाच दिसतोय,” बाबा म्हणाले, “तेवढं बरं हाय. दिसाला एकदा भाकरी खाईल का दोनदा लागती? आजवर कुणी मांडीवर घेतलंय का?”

शेवटच्या प्रश्नावर मामाचा चेहरा पडला. सातही त्याच्या मांडीवरच वाढलेली.

सहा नापास झाली. एक कान वर, एक खाली असलेली मादी तेवढी पास झाली. मामानं थरथरत्या हातानं पत्रक काढलं. नाव झालं, अंगठा झाला, पत्त्याच्या रकान्याशी गाडी अडली. “कायमचा पत्ता?” बाबांनी पश्चिमेकडं हात केला. “शिमग्यापत्तूर तिकडं. पाऊस लागला की हिकडं.” मामानं दोन्ही दिशा लिहून घेतल्या.

त्याच्या नियमाप्रमाणे महिन्याभरानं पिल्लाची पाहणी करायचीच असते. डिसेंबरात त्यानं चार दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला. कारण : भाचीला सासरी भेटायला जाणे. साहेबांनी विचारलं, मामा, सासर कुठलं?

“काल विचारलं तर पेणच्या अलीकडं होतं,” मामा म्हणाला. “तुम्ही सही करा लवकर, तोवर पुढं सरकतील.”