दुसरी भाषा : आयटी

शेजारच्या चिरंजीवांनी अकरावीला इंग्रजीच्या जोडीला दुसरी भाषा निवडली आहे. माहिती तंत्रज्ञान.

नियमात बसतं. दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेता येतं, हे सदाशिव पेठेपासून बाणेरपर्यंत तमाम पालकांना पाठ आहे. "मराठी स्कोअरिंग नाही हो," चिरंजीवांच्या मातोश्री म्हणाल्या. "आयटीचा पेपर कॉम्प्युटरवर. खुणा करायच्या, चार ओळी टाइप करायच्या, सुटायचं. शिवाय आम्हाला सीईटी आहे." सीईटी दोघांनाही असावी.

तर आयटी ही भाषा. बारावीपर्यंत तिच्यात एचटीएमएल येतं, जावास्क्रिप्ट येतं, पीएचपी येतं. म्हणजे वाङ्मय समृद्धच म्हणायचं. आता ती घरात बोलली गेली पाहिजे. आजीनं "जेवलास का?" विचारलं की चार पर्यायांतून एक निवडायचा. 'येथे गाडी लावू नये' ही पाटी एचटीएमएलमध्ये लिहायची, आणि ठळक अक्षरांचा टॅग बंद करायला विसरलं, तर पाटीखालचा अख्खा वाडा ठळक होऊन बसायचा. पुढे लग्नात उखाणा पीएचपीत. एक अर्धविराम राहिला की बायकोचं नाव यायच्या आधीच एरर, आणि घास हातात धरून मांडव खोळंबलेला. एखाद्या मावशीला आयटी येत असली तर ती चूक शोधून देईल. पण मावशीनं तेव्हा मराठी घेतलं होतं. बिचारीला नुसतेच उखाणे येतात.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा याच जिन्यात पेढे वाटले गेले. २०२५मध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला, तेव्हा याच घरातून स्टेटस झळकलं, 'मराठीसाठी काय पण'. २०२०च्या कायद्यानं मराठी सक्तीची केली ती दहावीपर्यंत. अकरावीत सक्ती उठली आणि 'काय पण'मधून मराठीच गळाली.

बरं, मार्कांचं कारण तरी खरं असावं! सीईटीतून इंजिनिअरिंगला जाताना गुणवत्ता यादी लागते सीईटीच्या पर्सेंटाइलवर. बारावीची पात्रता बघतात तीही मुख्यतः फिजिक्स, मॅथ्स वगैरेंच्या मार्कांवर. भाषेच्या मार्कांना तिथे कुत्रं विचारत नाही. म्हणजे जे मार्क कुणी मोजणार नाही, ते वाढवण्यासाठी हे लोक मराठी सोडतात! संताप येतो तो याचा. स्वार्थासाठी सोडली असती तर समजू शकलो असतो. यांनी फुकट सोडली. तिकडे मुलं नाहीत म्हणून मराठीच्या तुकड्या बंद पडतात, शिकवणाऱ्यांचे तास जातात, आणि इकडे 'अभ्यासच नाही' म्हणून घेतलेल्या आयटीला शनिवार-रविवार क्लास लावलेला असतो. मराठी मी फुकट शिकवतो म्हटलं, तरी आधी विचारतील, टेस्ट सिरीज आहे का?