यंत्राला पाय लागला

उजवा गुडघा बदलल्यापासून माझ्या चालण्यावर घरातल्या सगळ्यांचा हक्क झाला आहे. पूर्वी मी नुसती चालत असे. आता मी ‘आज बरी चालते’ किंवा ‘आज जरा ओढतेय’. यात सगळ्यांत पुढे आमचे हे. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं, ते मी ऑपरेशन करून पुरवलं. गच्चीवर खडूच्या रेघा, हातात स्टॉपवॉच आणि खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाणारं, “टाच आधी! टाच!”

एक्स-रे उत्तम होता. पण सांधा कसा बसलाय एवढंच एक्स-रे सांगतो. बाई तो वापरते कशी, हे त्यात दिसत नाही. म्हणून डॉक्टरांनी चालीची तपासणी लिहून दिली. तिथल्या फिजिओ मुलीने फोनवरच सांगितलं, “काकू, साडी नको. पंजाबी ड्रेसही नको. शॉर्ट्स.”

शाळेत मुलींच्या स्कर्टची लांबी पट्टीने मोजणारी बाई मी. मुलाच्या कपाटातली एक निळी चड्डी घालून, वर स्वतःचाच कुडता खाली ओढत, तीन शिकाऊ मुलांसमोर उभी राहिले. त्यांनी कंबर, गुडघे, घोटे, टाचा असं शोधत दुहेरी चिकटपट्टीने चकचकीत गोळ्या डकवल्या. भिंतीवरचे कॅमेरे त्या गोळ्या टिपणार आणि संगणक ठिपके जोडून माझी काडीची आकृती काढणार. आकृती पडद्यावर आली. तिला ना पोट होतं, ना वय. मला ती फार आवडली.

ह्यांनी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. 1891 साली लाइपझिगमध्ये ब्राउन आणि फिशर या दोघांनी एका सैनिकाच्या अंगावर विजेवर उजळणाऱ्या काचेच्या नळ्या बांधल्या, त्याला रात्री अंधारात चालवलं आणि त्याचे फोटो काढले. नुसतं बांधायलाच तासन् तास लागत. “तुला तर फक्त चिकटपट्टी आहे,” ह्यांनी धीर दिला.

“नेहमीसारखं चाला,” मुलगी म्हणाली. या सूचनेनंतर नेहमीसारखं चालून दाखवणारा माणूस मला भेटायचा आहे. मी सव्वीस जानेवारीच्या संचलनासारखी निघाले. “हात मोकळे सोडा,” म्हटल्यावर उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे जायला लागला. शिकाऊ मुलांपैकी एक जण खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला.

जमिनीत भार मोजणाऱ्या पट्ट्या बसवलेल्या असतात. कुठल्या पायावर किती वजन टाकता ते त्या सांगतात. त्या कुठे आहेत हे पेशंटला मुद्दाम सांगत नाहीत, कारण कळलं की माणूस नेम धरून पाऊल टाकतो आणि चाल बिघडते. पण ह्यांची नजर फरशीच्या सांध्यावर बसलेली. कानात कुजबुजले, “तिसऱ्या टप्प्यावर. तेच यंत्र.”

झालं! आता पाऊल टाकायचं कसं? पुस्तकाला, वहीला, शिलाई मशीनला पाय लागला की नमस्कार करायचा, हे आमच्या हाडात मुरलेलं. तो नवा गुडघा धातूचा असला तरी बाकीची हाडं जुनीच आहेत. पट्टीवर पाऊल पडलं आणि मी खाली वाकून हात लावून तो कपाळाला नेला. कमरेवरची गोळी सुटून भिंतीपर्यंत गडगडत गेली.

“काकू, आम्हाला पायाचा भार हवा होता,” मुलगी फार गोड आवाजात म्हणाली.

मग खुर्चीची चाचणी. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. आरामात, असं तिने बजावलं. आमच्या घरातून मात्र, “बारा सेकंदांच्या आत!” असा आवाज आला. मी सुटले. वळताना डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि वेळेत आल्याच्या आनंदात धपकन बसले. खुर्ची नेहमीपेक्षा मऊ लागली. मी उठल्यावर पट्ट्या नीट दिसाव्यात म्हणून हे तिथे टेकले होते. लग्नात उखाणा घेतानाही मी इतकी लाजले नव्हते.

अहवाल हाती आला. सर्वसाधारण माणसाचं एकेक पाऊल चालीच्या चक्रातला सुमारे 60 टक्के वेळ जमिनीवर असतं. माझा उजवा पाय त्याआधीच उचलला जात होता. शिवाय मी तो काठीसारखा ताठ ठेवत होते. “गुडघा वाकतोय छान,” मुलगी म्हणाली, “पण चालताना तुम्ही तो वाकवतच नाही. दुखायचा तेव्हाची सवय असणार. ऑपरेशनच्या आधीचा चालतानाचा एखादा व्हिडिओ आहे का?”

होता. एकच. पुतण्याच्या वरातीतला. नऊवारी, नाकात नथ, मागे ब्रास बँड, आणि दर चार पावलांनी एक गिरकी. मुलीने तो पुन्हा पुन्हा, थांबवून थांबवून पाहिला. शिकाऊ मुलं मागे गोळा झाली. हे शेजारून समजावत होते की, मी तेव्हाही टाच आधी टेकवत नसे.

मुलगी पडद्याकडे बोट दाखवून म्हणाली, “हे काकूंच्या मागून आहेराच्या पिशव्या घेऊन येतायत ते कोण? उजव्या पायावर भार आला की यांची कंबर डावीकडे खाली जातेय. खुब्याचे स्नायू कमकुवत दिसतात.”

“पिशव्या जड होत्या,” हे म्हणाले.

“दोन्ही हातांत सारख्याच दिसतायत,” ती म्हणाली. “काका, शॉर्ट्स आहेत ना तुमच्याकडे?”