पापुद्र्याची पकड

कोरेगावात नवा फ्रीज आला की त्याला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो. पण अंगावरचं पातळ प्लास्टिक काही निघत नाही. "राहू दे, चरे पडतील," असं घरातलं वडीलधारं माणूस बजावतं. पाहुण्यांना न सांगता फ्रीजचं नवेपण कळतं, हे खरं कारण कुणी बोलून दाखवत नाही. कारखान्यानं ते प्लास्टिक मुद्दाम बेताचंच चिकटवलेलं असतं, म्हणजे वाटेत टिकावं आणि घरी अलगद निघावं. पण त्याखालचा गोंद हा फार दाट, फार आळशी द्रव. दाराच्या सूक्ष्म खाचाखोचांत तो महिनोन्महिने मुरत जातो, त्यात आपला वैशाख. चार दिवाळ्यांनंतर सोलायला जावं तर प्लास्टिकच्या चिंध्या होतात आणि फ्रीजला गजकर्ण झाल्यासारखं दिसतं.

लोक गोंदाला शिव्या देतात, पण खरी गोम पृष्ठभागात असते. रेणूंना एकमेकांची ओढ असतेच. डच शास्त्रज्ञ व्हॅन डर वाल्स यांचं नाव तिला मिळालंय. पण ती चालते जेमतेम काही नॅनोमीटर, आणि आपला एक केसच हजारो नॅनोमीटर जाड. एसटी स्टँडजवळ मोबाईलला स्क्रीनगार्ड लावणारं पोरगं हे शास्त्र न शिकता पाळतं. आधी स्पिरिट, मग कोरडं फडकं, उरलेला कण चिकटपट्टीनं टिपायचा, पंखा बंद करायचा आणि श्वास रोखून एका कडेनं फिल्म टेकवायची. तरी एखादा बुडबुडा राहतोच. कण दिसेल न दिसेल एवढा, बुडबुडा मात्र तांदळाएवढा. कारण फिल्म ताठ, तिला कणाला वळसा घालून लगेच खाली वाकता येत नाही.

जुने कल्हईवालेसुद्धा नवसागरानं तांब्यावरचा गंज उडवल्याशिवाय कथलाला हात लावत नसत. नॉनस्टिक तव्याचं कोडं त्याहून अवघड. टेफ्लॉन १९३८ साली रॉय प्लंकेट यांना अपघातानंच सापडलं. त्याला काहीच चिकटत नाही, मग ते तव्याला कसं चिकटणार? १९५४ च्या सुमारास फ्रान्सच्या मार्क ग्रेग्वार यांनी ॲल्युमिनियमला बारीक खड्डे पाडून त्यांत टेफ्लॉन अडकवलं. चिकटवलं नाही, अडकवलं! स्टीलच्या उलथन्यानं पिठल्याची खरवड काढणाऱ्यांना कोण सांगणार?

रंगाची पकड तपासायची रीत मात्र सोपी. वाळलेल्या रंगावर ब्लेडनं उभ्याआडव्या रेघा मारायच्या, चिकटपट्टी दाबून लावायची आणि ओढायची. किती चौकोन निघाले त्यावरून शून्य ते पाच असा दर्जा ठरतो. शून्य सर्वांत चांगला. आमच्याकडे ही परीक्षा वाढदिवसाला होते. रात्री फुगे चिकटपट्टीनं भिंतीवर, सकाळी फुग्यांबरोबर डिस्टेंपरचा तळहाताएवढा पापुद्रा हातात. रंगाऱ्यानं पॉलिशपेपर न मारता धुळीवरच हात फिरवलेला. रंगानं धूळ घट्ट धरली होती, धुळीनं भिंत धरली नव्हती. यंदा हॉलला पाचपैकी पाच मिळाले.