ट्रिब्यूट बँड ऐकण्याची शास्त्रोक्त पद्धत

बर्मिंगहॅममधल्या एखाद्या कोपऱ्यावरच्या पबात तिथल्याच ब्लॅक सॅबथ या बँडची गाणी हुबेहूब वाजवणारा ट्रिब्यूट बँड येणार असेल, तर श्रोत्याने सर्वप्रथम जागेचा विचार करावा. पहिली रांग वर्ज्य. छोट्या पबात ड्रमला माइक लागत नाही, गिटारचे ॲम्प्लिफायर थेट गुडघ्यांवर मारा करतात आणि गायकाचा आवाज वरच्या स्पीकरांतून मागच्यांकडे जातो. पुढच्यांना गायकाचे फक्त दात दिसतात. उत्तम जागा साउंडवाल्याच्या शेजारी, कारण तो सगळं स्वतःच्या कानाला बरं वाटेल असंच लावतो. १०० डेसिबलला कान जेमतेम १५ मिनिटं सुरक्षित असतात, म्हणून कानांत बोळे घालावेत. बोळ्यांना भित्रेपणा म्हणणाऱ्यांशी वाद नको. काही वर्षांनी त्यांना आपला मुद्दा ऐकूही येणार नाही. आणि सॅबथच्या 'पॅरानॉइड' या गाण्याची फर्माईश ओरडून करू नये. ते वाजवल्याशिवाय बँडला कुणी घरी जाऊ देत नाही.

बारजवळच्या खांबाला टेकलेली जागा मात्र जाणकाराची. विटलेला टी-शर्ट, हाताची घडी आणि प्रत्येक सोलोनंतर एकच शेरा: 'मूळ असं नव्हतं.' या गृहस्थाला उत्तर देण्याची तयारी घरूनच करून जावी. मूळ म्हणजे काय होतं? सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना याच शहरातल्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैलही केल्या. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बममध्ये तर बऱ्याच गाण्यांत तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या आहेत. दहाही बोटं शाबूत असलेला माणूस आज ती अडचण घोटून घोटून बोटांत बसवतो. जे मुळातच ठिगळ होतं, ते तंतोतंत लावायला कसब लागतं, हे जाणकारानेही मान्य करावं.

तो म्हणेल, नकलाकार तो नकलाकारच. मग जूडस प्रीस्ट या बँडचं उदाहरण काढावं. तेही इथलेच. १९९६ साली त्यांनी आपल्याच गाण्यांच्या ट्रिब्यूट बँडमधून टिम ओवेन्सला गायक म्हणून उचललं. 'पण २००३ला त्यांचा जुना गायक हॅलफर्ड परत आलाच ना!' असं उत्तर येईल, आणि ते खरं आहे. पण मधल्या वर्षांत तिकीट काढणाऱ्याने ऐकलं ते प्रीस्टच. आपल्याकडे 'सौभद्र' हे संगीत नाटक १८८२पासून उभं आहे. नारद बदलला म्हणून कुणी पैसे परत मागत नाही. विग दोन्हीकडे असतात.

राहिला शेवटचा आक्षेप, की खरं ऐकलेल्याला हे कशाला? ५ जुलै २०२५ला व्हिला पार्कवर सॅबथचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला त्यांचा गायक ऑझी गेला. आता ही गाणी समोर उभं राहून, छातीत धक्के खात ऐकायची, तर हीच विगवाली मंडळी उरली आहेत. हे जाणकाराला सांगावं, पण हळू, आणि त्याचा ग्लास भरून दिल्यावर. तिकीट काढून दर वेळी येणारा तोच असतो. बाकीचे फुटबॉल बघायला आलेले असतात.