अधिकचिन्हाच्या शिल्पकारास

सी++वीर साहेब,


भोसरी सोडून हिंजवडीला आर्किटेक्ट झालात, अभिनंदन. आपला कोड मात्र इथेच राहिला आणि त्याची सेवा माझ्या नशिबी आली.

ब्यार्न स्ट्रॉस्त्रुप यांनी सी++मध्ये ऑपरेटर ओव्हरलोडिंग दिलं, त्यामुळे दोन मॅट्रिक्सही सरळ + लावून मिळवता येतात. वेल्डिंग रोबॉटच्या हिशेबात ते शोभतंही. आपण ते मालाच्या लॉटवर चालवलंत. अ + ब केलं की ब चा माल अ मध्ये जातो आणि ब रिकामा! नुसती बेरीज बघायला गेलेल्या स्टोअरवाल्याचा अख्खा लॉट गायब. आपलं == तर त्याहून उदार. पार्ट नंबर जुळला की दोन्ही पार्ट सारखेच. ड्रॉइंगचं रिव्हिजन कोण बघतो? चाकणचा ग्राहक बघतो, साहेब. मग तोच टेम्पो मोशीच्या ट्रॅफिकमधून परत.

पण आपली खरी कलाकृती म्हणजे ‘नोंदव’ हे फंक्शन. नाव एक, रूपं दोन: एक बूल घेणारं, दुसरं स्ट्रिंग. इन्स्पेक्शनच्या कोडमधून अवतरणात ‘रिजेक्ट’ पाठवलं की ते स्ट्रिंगवाल्याकडे जाणार, असं आम्हा भाबड्यांना वाटलं. पण असा मजकूर सी++ला पॉइंटर म्हणून चालतो. पॉइंटरचं बूल करणं ही भाषेची घरची सोय, स्ट्रिंग करणं हे पाहुण्या क्लासचं काम. कम्पायलर घरच्यालाच झुकतं माप देतो. पॉइंटर रिकामा नाही, म्हणून उत्तर ‘ट्रू’. ट्रू म्हणजे पास. लाल बिनमधला जॉब कागदावर ओके!

डावी बाजू खोटी निघाली की && उजवीकडे बघतही नाही, हे डिप्लोमाच्या पोरांनाही ठाऊक असतं. आपण तेही ओव्हरलोड केलंत आणि त्याचा तो गुण गेला. आता टॉर्क रेंच जोडलेला नसला तरी प्रोग्रॅम त्याचं रीडिंग मागायला जातो आणि सेकंड शिफ्टला आडवा होतो.

१९९५मध्ये जावा आली, तेव्हा जेम्स गॉस्लिंग यांनी ऑपरेटर ओव्हरलोडिंग त्यात मुद्दाम घेतलं नव्हतं. सी++वाल्यांनी केलेले त्याचे हाल त्यांनी पाहिले होते. आपण तेव्हा बालवाडीत असाल, तरी आपली कीर्ती तिथवर पोचली होती म्हणायची.

आमच्याकडे गुरुवारी सुट्टी असते. एखादी रजा टाकून या, चहा पाजतो. येताना कॉमा ऑपरेटरचं काय करून ठेवलंत तेवढं लिहून आणा. ती फाइल उघडायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

आपला,
कोडचा सध्याचा वारसदार